कृषी पदवी, सरकारी नोकरीची आशा आणि शिक्षणकर्ज: विक्रोळीतल्या एका कुटुंबाचे प्रकरण

पार्श्वभूमी

विक्रोळीच्या कन्नमवार नगरातले चौघांचे कुटुंब. वडील एका कारखान्यात स्टोअरकीपर, हातात येणारा पगार तीस हजारांच्या आसपास. आई घरून दहा-बारा डबे द्यायची. मुलगी 2019 साली बारावी झाली, तिला इथे सायली म्हणू. धाकटा भाऊ तेव्हा आठवीत होता. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि आकडे सोयीसाठी जवळच्या हजारात आणले आहेत.

गाव दापोली तालुक्यात. आंब्याची पंचवीस-तीस कलमे, थोडे भात, काजू. जमीन अजून आजोबांच्या नावावर. सायली दर मे महिन्यात गावी जायची आणि काका कलमांवर कुठली फवारणी करतात, ते दुकानदाराच्या सांगण्यावरून कशी ठरते, हे बघायची. गावात कृषी सहायक यायचे तेव्हा त्यांच्या मागे बागेतून फिरायची. बारावीच्या आधीच तिने ठरवले होते की आपल्याला हेच काम करायचे आहे. पदवी घ्यायची, कृषी खात्यात लागायचे आणि शेतकऱ्याच्या बांधावर जायचे.

मी बँकेतून 2016 साली निवृत्त झाले. नोकरीतली बरीच वर्षे कर्ज विभागात गेली, म्हणून रविवारी सकाळी दादरच्या एका वाचनालयात शिक्षणकर्जाचे कागद घेऊन येणाऱ्या पालकांबरोबर बसते. सायली आणि तिचे आईवडील जुलै 2019 मध्ये तिथे आले.

अडचण

घराला पहिला धक्का प्रवेशाच्या गुणांचा बसला. राज्यात कृषी विद्यापीठे चार: राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली. दापोलीचे विद्यापीठ 1972 सालचे, सायलीच्या गावापासून एसटीने तासाभरावर. तिथल्या शासकीय महाविद्यालयाची जागा थोड्या गुणांनी हुकली. सातबारा असलेल्या घरातल्या मुलांना प्रवेशाच्या गुणांत अधिभार मिळतो. तो मिळाला असता तर चित्र वेगळे दिसले असते. पण आजोबा जाऊन नऊ वर्षे झाली तरी वारसनोंद झालेली नव्हती. वडिलांनी तलाठ्याकडे खेपा घातल्या, तोवर मुदत संपली होती. शहरात राहणाऱ्या किती चाकरमान्यांच्या घरी हा एक फेरफार असाच रेंगाळलेला असतो! मुलांच्या प्रवेशाशी त्याचा संबंध येईल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसते.

आता दोन जागा हातात होत्या. एक, मुंबईपासून तीन तासांवरच्या खासगी महाविद्यालयात व्यवस्थापन कोट्यातून. दुसरी केंद्रीय प्रवेश फेरीतून मिळालेली, मराठवाड्यातल्या विनाअनुदानित महाविद्यालयात. पदवी दोन्हीकडे तीच, चार वर्षांची बीएस्सी कृषी.

वडिलांचा कल जवळच्या जागेकडे होता. मुलगी शनिवार-रविवार घरी येऊ शकेल, हे त्यांना महत्त्वाचे वाटत होते. ते म्हणाले, "मॅडम, एकदा सरकारी नोकरी लागली की दोन वर्षांत सगळं फिटेल." सायलीची आई तोवर गप्प होती. तिने विचारले, "आणि नाही लागली तर?"

मी त्या दिवशी वहीच्या वरच्या कोपऱ्यात तेच वाक्य लिहून ठेवले.

समोरचे पर्याय

दोन जागांखेरीज आणखी दोन वाटा होत्या. एक म्हणजे वर्षभर थांबून पुन्हा सीईटी देणे. सायलीला ते नको होते आणि गुण नक्की वाढतील याची खात्री कोण देणार? दुसरी म्हणजे मुंबईतच वनस्पतिशास्त्राची पदवी. खर्च अगदी कमी, घरचे जेवण. पण कृषी सेवक भरतीला कृषीचीच पदवी किंवा पदविका लागते आणि बँकांतल्या कृषी अधिकारी पदालाही कृषी किंवा संलग्न विषयातली चार वर्षांची पदवी लागते. वनस्पतिशास्त्राने ती दारे बंद झाली असती, म्हणून हा पर्याय आम्ही अर्ध्या तासात बाजूला ठेवला. कृषी पदविकेचा विचार मात्र आम्ही पुरेसा केला नाही. त्याबद्दल पुढे लिहिते.

कमाईची बाजू आम्ही अशी मांडली. वरच्या टोकाला लोकसेवा आयोगाची कृषी सेवा, जिथे गट-अच्या पदाचे मूळ वेतन 56,100 रुपये. खालच्या टोकाला कृषी सेवक. 2019 साली कृषी सेवकाचे मानधन होते महिना 6,000 रुपये आणि ते तीन वर्षे. त्यानंतर कृषी सहायक म्हणून कायम झाल्यावर मूळ वेतन 25,500. म्हणजे ज्या सरकारी नोकरीच्या भरवशावर कर्ज काढायचे, तिची पहिली तीन वर्षे मुंबईतल्या डबेवाल्या आईच्या कमाईपेक्षाही कमी. वडिलांना हा आकडा माहीत नव्हता. ते बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. मधल्या पट्टीत बियाणे आणि कीटकनाशक कंपन्यांच्या फिरतीच्या नोकऱ्या होत्या. ओळखीतल्या दोन मुलांना सुरुवातीला पंधरा-सोळा हजार आणि पेट्रोलचे वेगळे पैसे मिळत होते.

मग खर्च.

जवळची जागा: शुल्क वर्षाला 1,20,000, वसतिगृह आणि जेवण 70,000. चार वर्षांचे 7,60,000. घरून वर्षाला साठ हजारांपेक्षा जास्त निघणे शक्य नव्हते, म्हणजे कर्ज 5,20,000. व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती लागू होत नाही. शिवाय चार लाखांच्या वर कर्ज गेले की पाच टक्के रक्कम आपली घालावी लागते आणि जामीनदाराचा किंवा हमीचा विषय येतो. दहा टक्के व्याजाने, शिक्षण आणि त्यानंतरचे सवलतीचे एक वर्ष धरून, हप्ता सुरू होईल तेव्हा डोक्यावर सात लाखांच्या आसपास असतील. सात वर्षांत फेडायचे तर महिना साधारण 11,650.

लांबची जागा: शुल्क 80,000, त्यातले शिक्षण शुल्क 72,000 आणि त्याची निम्मी रक्कम, म्हणजे 36,000, शिष्यवृत्तीतून परत मिळणार. राहणे, जेवण, प्रवास मिळून 60,000. हा दुसरा भाग घरून भागणार होता. शुल्कापुरते कर्ज काढले तर चार वर्षांचे 3,20,000. चार लाखांच्या आत, म्हणून तारण नको, जामीनदार नको, वडील सहकर्जदार. शिष्यवृत्ती येईल तशी कर्जखात्यात भरत गेलो तर मूळ कर्ज 1,76,000 उरेल. शिवाय कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असल्याने केंद्राच्या व्याज अनुदान योजनेतून शिक्षणकाळाचे व्याज माफ होईल, असे मी सांगितले. म्हणजे महिना 2,900 चा हप्ता.

11,650 आणि 2,900. एवढे कागदावर आल्यावर वडिलांचा शनिवार-रविवारचा मुद्दा आपोआप मागे पडला.

निर्णय

तरी निर्णय लगेच झाला नाही. वडिलांनी चार दिवस घेतले. अडत होते ते अंतरापाशी: मुलगी एकटी, रात्रभराचा रेल्वेप्रवास, कोणी नातेवाईक नाही. आईने मग एक तोडगा काढला. पहिल्या प्रवेशाला ती स्वतः आठ दिवस तिकडे राहिली, मेसचे जेवण खाल्ले, वसतिगृहाच्या बाईंशी ओळख केली. ऑगस्ट 2019 मध्ये मायलेकी देवगिरी एक्सप्रेसने गेल्या आणि आई एकटी परतली.

माझा नियम साधा होता आणि अजून आहे. कर्ज मोजताना मिळू शकणारा सगळ्यात मोठा पगार धरायचा नाही. पदवीनंतर पहिल्या तीन वर्षांत जो सगळ्यात कमी पगार नक्की मिळेल, तो धरायचा आणि हप्ता त्याच्या पाचव्या हिश्शापलीकडे जाऊ द्यायचा नाही. पंधरा हजारांचा पाचवा हिस्सा तीन हजार. 2,900 त्यात बसत होते.

मधली वर्षे

पहिल्या वर्षाची शिष्यवृत्ती 2020 च्या मार्चमध्ये आली आणि त्याच महिन्यात टाळेबंदी लागली. डबे एका दिवसात बंद झाले. वडिलांचा पगार आठ महिने निम्म्यावर होता. कर्जखात्यात भरायचे 36,000 घरात खर्च झाले आणि त्यात कुणाची काही चूक नव्हती. जूनच्या 3 तारखेला निसर्ग वादळाने दापोली तालुका झोडपून काढला, तेव्हा सायली गावीच अडकलेली होती. काकांची अर्धी कलमे आडवी झाली. पंचनाम्यासाठी आलेल्या तलाठी आणि कृषी सहायकांबरोबर ती वाडीवाडीत फिरली, मोडलेली झाडे मोजून यादी करायला मदत केली. त्या महिन्यानंतर तिने दुसऱ्या कुठल्या क्षेत्राचे नावही काढले नाही, असे तिची आई सांगते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाची शिष्यवृत्ती उशिरा आली, पण आली, आणि ती कर्जात भरली गेली. चौथ्या वर्षी घोळ झाला. सातव्या सत्रात ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी विद्यार्थिनी गावात राहतात. लोक त्यांना कृषीकन्या म्हणतात. सायली तेव्हा गावातल्या एका घरात राहून माती परीक्षण आणि बीजप्रक्रियेची प्रात्यक्षिके देत होती. अर्ज वडिलांनी भरला, मुदत संपलेला उत्पन्नाचा दाखला जोडून. अर्ज त्रुटी दाखवून परत आला. संदेश बंद पडलेल्या जुन्या मोबाइल क्रमांकावर गेला. कळले तेव्हा तारीख उलटली होती. आणखी 36,000 गेले.

सगळ्यात मोठी चूक माझी. व्याज अनुदान योजनेला संस्थेच्या मानांकनाची किंवा नियामक मान्यतेची अट 2018 पासून लागू झाली होती. मी त्याआधी निवृत्त झालेली. मला जुनी योजना तोंडपाठ होती आणि त्या भरवशावर मी "व्याज माफ होईल" असे ठामपणे बोलले. बँकेने मागितलेला मान्यतेचा कागद महाविद्यालयाकडून शेवटपर्यंत मिळाला नाही. अनुदान मिळाले नाही. सप्टेंबर 2024 पर्यंत व्याज झाले 97,000. या कुटुंबाने मला एका शब्दानेही दोष दिला नाही, त्याने मला जास्तच लागले.

हिशेब असा झाला: ठरवलेले 1,76,000, हातून गेलेल्या दोन शिष्यवृत्त्यांचे 72,000 आणि व्याजाचे 97,000. एकूण 3,45,000. हप्ता 5,727, म्हणजे ठरवल्याच्या जवळजवळ दुप्पट.

पदवीनंतरचा निर्णय

सायली 2023 च्या ऑगस्टमध्ये पदवीधर झाली. तिच्या वर्गातल्या बऱ्याच जणांनी पुण्याची वाट धरली. खोली, मेस, अभ्यासिका, शिकवणी. तिने चौकशी केली तेव्हा महिना नऊ हजारांच्या खाली काही बसत नव्हते. दोन वर्षांचे 2,16,000. वडील पुन्हा कर्ज काढायला तयार झाले होते, यावेळी भविष्यनिर्वाह निधीतून.

पदवीच्या खर्चाचा हिशेब लोक मांडतात, पण पदवी आणि नेमणूक यांच्यामधल्या वर्षांचा हिशेब कुठल्याच तक्त्यात नसतो. जाहिरात कधी येईल, किती जागांची येईल, परीक्षा कधी होईल, निकाल न्यायालयात अडकेल का, यातले काहीच उमेदवाराच्या हातात नसते. 2024 च्या ऑगस्टमध्ये सगळ्या राज्याने ते पाहिले. कृषी खात्याच्या 258 जागा राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या जाहिरातीत घ्याव्यात म्हणून पुण्यात उमेदवार रस्त्यावर बसले, आयोगाने 25 ऑगस्टची परीक्षा पुढे ढकलली आणि ती 1 डिसेंबरला झाली. सगळ्या राज्यासाठी 258 जागा आणि दरवर्षी चारही विद्यापीठांतून, त्यांच्या संलग्न महाविद्यालयांतून हजारो पदवीधर बाहेर पडतात. ही दोन वाक्ये मी प्रत्येक पालकासमोर शेजारीशेजारी ठेवते.

सायलीने पुणे नाकारले. तिचे म्हणणे सरळ होते: "मला खात्यात जायचंच आहे, पण बाबांच्या फंडावर बसून नाही." ऑक्टोबर 2023 पासून ती पेणला एका कृषी निविष्ठा (बियाणे, खते, औषधे) कंपनीत क्षेत्र प्रतिनिधी आहे. सुरुवात 17,000 वर झाली. दोन मैत्रिणींबरोबर खोली, पहाटे दोन तास अभ्यास, दिवसभर दुचाकीवर भातपट्ट्यातल्या गावांत.

त्याच सुमारास कृषी सेवकांचे मानधन 6,000 वरून 16,000 झाले आणि भरतीही निघाली. जानेवारी 2024 मधली परीक्षा तिने दिली, यादीत नाव आले नाही. डिसेंबरची पूर्वपरीक्षाही थोडक्यात गेली. बँकेच्या कृषी अधिकारी पदासाठी ती एकदा मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचली. त्या पदाचे सुरुवातीचे मूळ वेतन आता 48,480 आहे आणि परीक्षा बहुतेक दरवर्षी ठरलेल्या हंगामात होते. नोकरी करत अभ्यास करणाऱ्याला ही नियमितता फार मोलाची, हे तिला पहिल्यांदा कळले तेव्हा ती म्हणाली, "हे बारावीत कुणी सांगितलं असतं तर अभ्यास तेव्हापासून तसा केला असता."

सध्याची स्थिती

हप्ता ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाला. तेव्हा तिचा पगार 19,000 होता, म्हणजे पगाराचा जवळजवळ तिसरा हिस्सा हप्त्यात जात होता. माझ्या पाचव्या हिश्शाच्या नियमापेक्षा पुष्कळ जास्त. पहिले सहा महिने आईने डब्यांच्या पैशांतून दोन-दोन हजार घातले. आता पगार 24,000 आहे. दिवाळीला मिळालेले पैसे आणि साठवलेले मिळून 30,000 तिने एकरकमी भरले. सोळा हप्ते झाले, एकही चुकला नाही. कर्ज 2,66,000 च्या आसपास उरले आहे.

सरकारी नोकरी अजून नाही. कृषी सहायक पदाचे नाव 2025 मध्ये बदलून सहायक कृषी अधिकारी झाले. ती बातमी तिने मला पाठवली आणि खाली लिहिले, "नाव बदललं, मी अजून रांगेतच." ती खचलेली नाही, पण थकते. रविवारी फोनवर बोलताना ते आवाजात ऐकू येते.

जवळची जागा घेतली असती तर आज हप्ता 11,650 असता. 19,000 पगारावर तो भरता आलाच नसता. खाते थकले असते, सहकर्जदार म्हणून वडिलांची पत गेली असती आणि धाकट्याच्या वेळी कोणत्याच बँकेने दारात उभे केले नसते. धाकटा यंदा पदवीच्या वर्गात आहे.

वेगळे काय करता आले असते

व्याज शिक्षणकाळातच भरायला सुरुवात करायला हवी होती. पहिल्या वर्षी ते महिना सातशेच्या आत होते, दुसऱ्या वर्षी साडेतेराशेच्या आत. टाळेबंदीचे महिने सोडले तरी निम्मे व्याज आईच्या डब्यांतून सहज गेले असते. अनुदान मिळणार या समजुतीपोटी मीच त्यांना "थांबा" म्हटले. आता मी कुठल्याही अनुदानाचा आकडा हिशेबात धरत नाही. मिळाले तर ते वरचे. आणि प्रवेश घेण्याआधी महाविद्यालयाकडे मान्यतेचा कागद लेखी मागायला सांगते. जे महाविद्यालय प्रवेशाच्या आधी तो देत नाही, ते नंतर का देईल?

पदविकेचा पर्याय आम्ही गंभीरपणे घ्यायला हवा होता. कृषी सेवक पदाला पदविका चालते. ज्याचे ध्येय फक्त तेवढेच असेल, त्याला चार वर्षांची पदवी महाग पडू शकते. सायलीला मी हे अलीकडे विचारले. तिने थोडा विचार करून सांगितले की बँकेचे दार तिला उघडे हवे होते, म्हणून पदवीच बरोबर होती. ते खरेही असेल. पण तो विचार 2019 मध्ये व्हायला हवा होता, सात वर्षांनी नव्हे.

वारसनोंदीचे काम वडिलांनी अखेर 2021 मध्ये पूर्ण केले. त्याचा उपयोग चुलतबहिणीला झाला.

तिच्या वेळी नियमही बदलले होते. 2024-25 पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, आलेल्या प्रवेशालाच. काकांनाही कुणीतरी जवळच्या महाविद्यालयातली व्यवस्थापन कोट्याची जागा सुचवली होती आणि ते पन्नास हजार आगाऊ भरायला निघाले होते. 2024 च्या पावसाळ्यात ते चुलतबहिणीला घेऊन दादरला आले. मी वही उघडायच्या आत पेणहून सायलीचा फोन आला. तिने काकांना स्पीकर लावायला सांगितले.

"प्रवेश कॅपमधूनच घ्यायचा, काका. दुर्बल घटकाचा दाखला काढलाय का? आणि उत्पन्नाचा दाखला कुठल्या तारखेपर्यंतचा आहे, ते आत्ता वाचून दाखवा. मोबाइल नंबर तिचा स्वतःचा द्या, तुमचा नको."

काकांनी चष्मा लावला आणि पिशवीतून दाखला काढला.